घोडेस्वार, घागर आणि दोरा

एके काळी या मूर्तीखालून घोडेस्वार निघून जाई, असं सांगतात. पुढे डोक्यावर घागर घेतलेली बाई जाऊ शके. मग अंगावरचं वस्त्र तेवढं सरकू लागलं, आणि आता दोरा. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची सगळी आख्यायिका या उतरत्या मापात सांगता येते. देवांच्या कथा सहसा वाढत जातात. दर पिढीत एखादा हात, एखादा अवतार, एखादा नवस त्यांना जोडला जातो. ही कथा मात्र शतकानुशतकं स्वतःचं माप कमी करत आली आहे, आणि तेही भक्तांच्याच तोंडून.

पुण्याजवळच्या हिंजवडीत ही गोष्ट काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चुंबक? राजीव गांधी इन्फोटेक पार्कातल्या कंपन्यांत वाशीम-अकोल्याकडून आलेली बरीच मुलंमुली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी शिरपूरच्या बंद दाराच्या झरोक्यातून, डोळे ताणून मूर्तीखालची फट शोधलेली असते. अभियांत्रिकी शिकल्यावर ती फट पुन्हा आठवते ती गणित म्हणून. त्यांच्या या शंकेला वंशावळ मोठी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की अलेक्झांड्रियात आर्सिनोए राणीच्या मंदिराला चुंबकाश्माची कमान घालून तिची लोखंडी मूर्ती अधांतरी ठेवायचा बेत एका वास्तुशिल्पीने आखला होता. शिल्पीही गेला, राजाही गेला, काम अर्धवट राहिलं. तेराव्या शतकात अल-कझवीनीने सोमनाथाबद्दल असंच लिहून ठेवलं: मूर्ती हवेत तरंगत होती, कुणाला तरी छतात चुंबक असल्याचा संशय आला, छताचे दगड काढताच मूर्ती कलली आणि खाली आली. प्रत्यक्षात यातलं काही घडलं असण्याची शक्यता नाही. 1842 मध्ये सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने जे सिद्ध केलं त्याचा अर्थच असा निघतो की नुसत्या स्थिर चुंबकांच्या ओढीवर लोखंडाचा तुकडा हवेत निश्चल टिकू शकत नाही. तो वर चिकटेल नाही तर खाली पडेल. चुंबकाच्या ओढीवर तरंगणाऱ्या आजच्या रेल्वेलासुद्धा गाडी रुळापासून नेमक्या अंतरावर राखायला क्षणोक्षणी विद्युतप्रवाह कमीजास्त करावा लागतो.

पण शिरपूरच्या कथेने हा प्रश्न आधीच निकालात काढलेला आहे. तिच्यातली मूर्ती लोखंडाची नाही, सोन्याचीही नाही. ती वाळू आणि शेणाची आहे.

कथा रावणाच्या काळात सुरू होते. रावणाच्या पदरचे माळी आणि सुमाळी (काही कथांत त्यांच्या जागी रावणाचा मेहुणा खरदूषण) विमानातून कामगिरीवर निघाले होते. जेवणाची वेळ झाली म्हणून खाली उतरले, तर लक्षात आलं की पूजेची मूर्ती घरीच राहिली आहे. जिनपूजेशिवाय अन्न घ्यायचं नाही, असं व्रत. तेव्हा हाताशी होती ती वाळू घेतली, शेणात कालवली, पार्श्वनाथाचा आकार दिला, पूजा केली आणि जेवून निघताना मूर्ती पाण्यात सोडून दिली. थोडक्यात, विदर्भातल्या या महान तीर्थाचा उगम विसराळूपणात आणि घाईत आहे. कुणी तप करून ही मूर्ती मिळवली नाही, कुणा शिल्पकाराला स्वप्न पडलं नाही. पंक्तीला उशीर होत होता म्हणून ती घडली. जैन कथाकारांनी हा तपशील झाकून ठेवला नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं.

पाण्यात ती विरघळायला हवी होती, विरघळली नाही. कित्येक युगांनी अचलपूरचा राजा एल, म्हणजेच श्रीपाल, त्या पाण्याशी आला. त्याला कोड होतं. हातपाय धुतले, आणि रात्री राणीच्या लक्षात आलं की पाणी लागलं तेवढी कातडी स्वच्छ झाली आहे. दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ण स्नान केलं. मग दृष्टान्त झाला: पाण्यात मूर्ती आहे, ती घेऊन जा, ज्वारीच्या धांड्यांची गाडी कर, तिला सात दिवसांची वासरं जुंप, तू पुढे चाल आणि मागे वळून पाहू नकोस.

राजा निघाला. गाडीचा आवाज येईना, ओझं जाणवेना. धांड्यांच्या गाडीला आणि आठवड्याच्या वासरांना ओझं जाणवणार तरी कसं? शिरपूरजवळ त्याला राहवलं नाही. त्याने वळून पाहिलं, गाडी पुढे निघून गेली आणि मूर्ती जिथल्या तिथे हवेत राहिली. 1908 च्या इम्पिरियल गॅझेटिअरने हाच प्रसंग कोरड्या सरकारी इंग्रजीत नोंदवला आहे. तिथे राजाचं नाव येल्लुक आहे आणि त्याचा दोष अश्रद्धेचा ठरतो.

मागे वळून पाहण्याची ही मनाई अर्थात जगभर भेटते. ऑर्फियसने वळून पाहिलं आणि बायको गमावली. ओडिशात साक्षीगोपाळ एका ब्राह्मणामागून चालत आला. पैंजणांचा आवाज वाळूत थांबला म्हणून ब्राह्मणाने वळून पाहिलं आणि देव तिथेच उभा राहिला. शिरपूरच्या कथेत एक फरक आहे. इतर ठिकाणी वळून पाहिलं की वस्तू जाते, दगड होते किंवा अडून बसते. इथे राजाच्या चुकीतूनच चमत्कार जन्मतो. त्याने शब्द पाळला असता तर ती अचलपूरच्या राजवाड्यातली आणखी एक मूर्ती झाली असती आणि तिला कुणी अंतरिक्ष म्हटलं नसतं.

श्वेतांबर परंपरेत याच्या पुढचं एक प्रकरण आहे. राजाने जागेवरच मोठं मंदिर बांधलं, पण त्यात आपल्या नावाचा अभिमान मिसळला. मूर्ती आत यायला तयार होईना. शेवटी अभयदेवसूरी नावाच्या आचार्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की राजाच्या नव्हे, संघाच्या पैशाने मंदिर बांधा. तसं झाल्यावर विक्रम संवत 1142 मध्ये, म्हणजे इ.स. 1086 च्या सुमारास, मूर्ती नव्या मंदिरात आली आणि जमिनीपासून काही अंगुळांवर स्थिरावली.

इतिहासाच्या हाताला काय लागतं? बरंच काही. जिनप्रभसूरी हा श्वेतांबरांच्या खरतरगच्छाचा आचार्य दिल्लीत मुहंमद तुघलकाच्या दरबारी मान पावला, दौलताबादेतही राहिला. 1333 च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात श्रीपूरच्या, म्हणजे शिरपूरच्या, अंतरिक्ष पार्श्वनाथावर स्वतंत्र प्रकरण आहे. घागरवाली बाई त्यातलीच, आणि त्याच्या काळापर्यंत फट कमी झाली होती, हेही त्यातलंच. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, मदनकीर्ती या दिगंबर कवीने आपल्या ‘शासनचतुस्त्रिंशिका’ या रचनेत श्रीपूरच्या अधांतरी जिनाचा उल्लेख केला. या रचनेतला प्रत्येक श्लोक दिगंबरांच्या शासनाच्या जयजयकारावर संपतो. सतराव्या शतकात भावविजय गणी हे श्वेतांबर साधू आले. त्यांची गेलेली दृष्टी इथे परत आली, असं परंपरा सांगते, आणि संवत 1715 मध्ये त्यांच्या हातून मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठा झाली. त्याच शतकातल्या तीर्थवर्णनांत घोडेस्वार आणि दोरा दोन्ही भेटतात.

या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. चौदाव्या शतकातल्या लेखकाला पूर्वीचं माप म्हणून घागर पुरली; सतराव्या शतकाला घोडेस्वार लागला. म्हणजे वर्तमानातली फट जसजशी अरुंद झाली, तसतशी भूतकाळातली फट उंच होत गेली. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याला आलेला चमत्कार प्रामाणिकपणे लहान मानला आणि हरवलेला मोठा करून पाठीमागे ठेवला. जैन काळगणना इथे नेमकी बसते. सध्याचा काळ अवसर्पिणीतला पाचवा आरा, म्हणजे घसरणीचा. त्यात आयुष्यं आखूड होतात, शरीरं लहान होतात, ज्ञान आटतं. मूर्तीखालची हवाही आटली, यात श्रद्धावंताला धक्का बसण्यासारखं काही नाही. उलट ती आटली नसती तर शास्त्राचं काय करायचं, हा प्रश्न पडला असता.

खरी तात्त्विक अडचण वेगळीच आहे, आणि ती चुंबकाने सुटत नाही. जैन दर्शनात तीर्थंकर काहीच करत नाही. पार्श्वनाथ तेविसावे; सम्मेदशिखरावर त्यांचं निर्वाण झालं; त्यानंतर ते सिद्ध आहेत, लोकाकाशाच्या माथ्यावर, देहाविना, इच्छेविना. ते हाकेला ओ देत नाहीत, नवस फेडत नाहीत, कोड बरं करत नाहीत. राग आणि द्वेष दोन्ही संपले म्हणून तर ते वीतराग. मग राजाची कातडी कुणी स्वच्छ केली? मूर्ती हवेत कुणी धरली? मंदिरात येणार नाही, हा रुसवा कुणाचा?

परंपरेचं उत्तर तयार आहे: अधिष्ठायक देव. पार्श्वनाथांचा सेवक नागराज धरणेंद्र आणि देवी पद्मावती. ते मुक्त नाहीत, त्यांना आवडनिवड आहे, ते प्रसन्न होतात आणि रागावतात. चमत्कार त्यांच्या खात्यावर. तीर्थंकर स्वतः अलिप्तच. मूर्ती ही ‘स्थापना’, म्हणजे ज्याचं स्मरण करायचं त्याची नेमून दिलेली जागा. त्याचं शरीर नव्हे. वाळू आणि शेण या पदार्थांची निवड या दृष्टीने फार अचूक आहे. ज्याला रूपच उरलं नाही त्याला सोन्याने जवळ आणता येत नाही आणि शेणाने दूर करता येत नाही.

हे उत्तर तर्काला पुरतं. भोयऱ्यात उतरलेल्या माणसाला पुरतं का, याबद्दल शंका आहे. तो हात जोडतो ते पार्श्वनाथालाच. धरणेंद्राच्या नावाने त्याचा नवस क्वचितच असतो. पण याच ठिकाणी अधांतरी मूर्तीची प्रतिमा विचाराच्या मदतीला येते. कशालाही न टेकणं हे वीतरागाचं लक्षण शब्दांत सांगायला पोथ्या लागल्या. शिरपूरच्या कथेने ते एका अंतरात सांगितलं. हिंजवडीच्या म्हातोबाच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेला बगाड निघतं, पाठीत गळ टोचून घेतलेला गळकरी हवेत फिरतो आणि बगाड वाकडला जातं. तिथे शरीर, वेदना, नवस आणि लाकूड सगळं डोळ्यांपुढे असतं. माणूस देवासाठी अधांतरी होतो. शिरपुरात कुणाचं काही फेडायचं नाही, कुणी लटकवलेलं नाही. दोन्ही ठिकाणी गर्दी वर पाहते, पण दोन वेगळ्या कारणांसाठी.

आता मूर्तीच्या खालचा भाग सोडून वरचा पाहू, कारण भांडण तिथे आहे.

दिगंबरांच्या जिनमूर्ती पूर्ण निर्वस्त्र आणि अलंकारहीन असतात. श्वेतांबर मूर्तीला डोळे बसवतात, कमरेला करदोरा आणि कच्छोटा दाखवतात. दगडात ही खूण एकदा कोरली की वाद मिटतो. शिरपूरच्या मूर्तीवर मात्र लेप चढतो, लेप झिजतो, पुन्हा चढवावा लागतो. दर लेपाच्या वेळी कमरेशी काय दाखवायचं हा प्रश्न नव्याने उभा राहतो. मूर्ती वाळू-शेणाची आहे म्हणून लेप हवा, हा श्वेतांबरांचा पक्ष. मूर्ती मुळात पाषाणाची आहे, लेपाचं कारण नाही, हा दिगंबरांचा. म्हणजे माळी-सुमाळींच्या जेवणाची गोष्ट इथे पुराण राहत नाही, पुरावा होते.

एकोणिसाव्या शतकात मंदिराचा कारभार पोळकर या स्थानिक मराठा सेवेकऱ्यांच्या हाती होता. शतकाच्या अखेरीस दोन्ही पंथांनी एकत्र येऊन तो त्यांच्याकडून काढून घेतला. एकजुटीचं हे पर्व फार टिकलं नाही. 1905 मध्ये पूजेचं वेळापत्रक ठरलं: तीन-तीन तासांच्या पाळ्या, आलटून पालटून. चाकण-भोसरीच्या कारखान्यात पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत शिरते, तसे एकाच मूर्तीपुढचे पुजारी, द्रव्यं आणि मंत्र बदलू लागले. 1908 मध्ये श्वेतांबरांनी केलेल्या लेपातला करदोरा आणि कच्छोटा दिगंबरांनी छिलून काढला, असा आरोप झाला. 1910 मध्ये श्वेतांबर अकोल्याच्या न्यायालयात गेले. 1918 मध्ये तिथला निकाल, 1923 मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाचा, आणि 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. व्यवस्थापन श्वेतांबरांचं, लेपाचा अधिकार त्यांचा, दिगंबरांना वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क, असं त्याचं सार. ज्या मूर्तीने राजाच्या अभिमानापायी मंदिरात पाऊल ठेवलं नाही, असं तिचेच भक्त सांगतात, तिच्या कमरेची खूण साहेबांच्या देशात ठरली.

तरी मिटलं नाही. 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागलं. त्यानंतर चार दशकं भाविकांनी दाराच्या लहानशा झरोक्यातून दर्शन घेतलं. एक अख्खी पिढी अशी वाढली जिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणजे झरोक्यातून दिसेल तेवढाच. फटीतून दोरा सरकतो की नाही, हे तपासायचीही सोय राहिली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, 11 मार्चला दार उघडलं आणि त्याच महिन्यात दोन्ही पंथांचे लोक मंदिराच्या आवारात हातघाईवर आले.

पार्श्वनाथांच्या चरित्रातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग इथे आठवणं भाग आहे. ते ध्यानात असताना पूर्वजन्मीचा वैरी कमठ त्यांच्यावर प्रचंड पाऊस पाडतो. पाणी नाकापर्यंत येतं. धरणेंद्र येऊन फणांचं छत्र धरतो. मूर्तीच्या डोक्यावर फणा असतो तो याच प्रसंगाचा. पण जैन आचार्यांनी या कथेत भर दिला तो रक्षणावर नाही. बुडवणारा आणि वाचवणारा, दोघांकडे पार्श्वनाथांनी एकाच मनाने पाहिलं, यावर दिला. शिरपुरात प्रत्येक पक्ष स्वतःला धरणेंद्र समजतो आणि समोरच्याला कमठ. मूर्तीच्या दृष्टीने, मग ते डोळे बसवलेले असोत की कोरलेले, हा भेद कथेनेच रद्द केलेला आहे. दोन्ही बाजूंचे मुनी प्रवचनात हा प्रसंग सांगतात.

म्हणून ‘भांडतात म्हणजे श्रद्धा खोटी’ असा सोपा निष्कर्ष काढणं मात्र चुकीचं ठरेल. ज्या पंथांना मूर्ती नकोच आहे त्यांना हा वाद शिवत नाही. पिंपरी-चिंचवड परिसरात स्थानकवासी जैन मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या स्थानकात मूर्ती नसते, प्रवचन आणि सामायिक असतं. हिंजवडीपासून फार लांब नसलेल्या मावळात, कामशेतजवळच्या पाले गावाच्या डोंगरात एक लहान लेणं आहे. तिथला ब्राह्मी शिलालेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी अभ्यासला. तो इसवी सनापूर्वीचा मानला जातो. त्याची सुरुवात अरहंतांना नमस्काराने होते, म्हणून तो जैन असावा, असं त्यांचं मत. भदंत इंदरखिताने लेणं आणि पाण्याची पोढी करवली, एवढंच त्यात आहे. मूर्तीचं नाव नाही, चमत्कार नाही. महाराष्ट्रातली जैन धर्माची ही अगदी सुरुवातीची खूण म्हणजे नमस्कार आणि पाणी.

पण नमस्कार आणि पाण्यावर खेडोपाडीची माणसं हजार वर्षं चालत येत नाहीत. त्यांना जागा लागते, वस्तू लागते, वस्तूची गोष्ट लागते. सैतवाल शेतकरी, मारवाडी व्यापारी, गुजराती संघ हे सगळे शिरपूरला आले ते त्या गोष्टीमुळे. वस्तू आली की मालकी येते, मालकी आली की करदोरा येतो. वीतरागाची मूर्ती करायची ठरवली त्याच दिवशी हा धोका पत्करला गेला. जैन परंपरेने तो जाणून पत्करला, असं म्हणायला जागा आहे. नाही तर अभिमानी राजाला दाराबाहेर ठेवणारी कथा तिने मुख्य आख्यायिकेला जोडून कशाला जपली असती?

हिंजवडीहून शिरपूरला जाणारे बहुतेक जण भोयऱ्यातलं दर्शन घेऊन परत फिरतात. गावाबाहेरचं पवळी मंदिर त्यांनी चुकवू नये. हेमाडपंती वळणाचं, घडीव दगडाचं, कोरीव दारांचं हे देऊळ एल राजाने बांधलं, असं सांगतात. मूर्तीने नाकारलेलं मंदिर ते हेच, असंही श्वेतांबर सांगतात. दिगंबर तिथे आजही पूजा करतात. दगडकामाच्या दृष्टीने गावातल्या मंदिराहून ते सरस आहे.